नादाची स्थानपोथी

यात्रेस निघालेल्या मनुष्याला आपण कोठे जात आहोत हे ठाऊक असते. तेथे काय पाहावयाचे हे मात्र पुष्कळदा ठाऊक नसते, कारण पाहण्याजोगे तेथे थोडेच उरलेले असते. गाणगापुरास भीमा-अमरजेच्या संगमावर आपण स्नान करतो व निर्गुण पादुकांचे दर्शन घेतो. त्या पादुका मागे ठेवून श्रीनृसिंहसरस्वती निघून गेले त्याला पाच शतकांहून अधिक काळ लोटला. महानुभावांनी तर चौदाव्या शतकात 'स्थानपोथी' नावाचा ग्रंथच सिद्ध केला. श्रीचक्रधर कोणत्या गावी उतरले, कोठे बसले, त्या देवळाचे दार कोणत्या दिशेस होते, याची गावोगावची नोंद त्यात आहे. आणि अशा जागी ओटे बांधून त्यांस वंदन करण्याची त्यांची प्रथा आजही चालू आहे. गेलेल्यांच्या जागा पाहत हिंडणे ही गोष्ट आपल्या समाजाला नवी नाही, एवढेच येथे ध्यानात आणून द्यावयाचे आहे.

ते आणून देण्याचे कारण असे. आमच्या बीदर-कलबुर्गीकडील जी तरुण मंडळी शिक्षणासाठी वा नोकरीसाठी मुंबई, पुणे, हैदराबाद येथे राहतात, त्यांपैकी काहींना एका निराळ्याच यात्रेचा नाद लागलेला आम्ही पाहतो. रॉक नावाचे जे पाश्चात्त्य संगीत आहे, त्याची स्थाने हुडकून तेथे जाणे, उभे राहून छायाचित्र काढणे आणि परत येणे, असे तिचे स्वरूप. (या शब्दाचा अर्थ येथे खडक असा नसून डोलणे असा आहे, आणि डोलणे आमच्या भजनी मंडळींस परके नाही.) घरची वडील मंडळी हा छंद ऐकून हसतात. हसण्याने काही निर्णय होत नाही, म्हणून आम्ही मुंबईतील ती स्थाने स्वतः फिरून पाहिली. आणि या यात्रेत खरे किती व पोकळ किती याचे परीक्षण वाचकांपुढे ठेवीत आहोत.

या पंथाची मूळपीठे परदेशात आहेत. त्यांचा विचार थोडक्यात उरकतो. इंग्लंडातील लिव्हरपूल शहरी कॅव्हर्न नावाचे एक तळघर होते. बीटल्स या चार तरुणांच्या मेळाने १९६१ ते १९६३ या काळात तेथे जवळजवळ तीनशे वेळा वादन केले. १९७३ साली भुयारी रेल्वेच्या कामापायी ते तळघर बुजविण्यात आले. पुढे १९८४ साली त्याच रस्त्यावर, जुन्या जागेचा काही भाग व्यापून आणि जुन्या विटांपैकी पुष्कळ विटा वापरून, नवे कॅव्हर्न उभे राहिले. लंडनमधील ॲबी रोडवरचा जो पट्ट्यापट्ट्यांचा रस्ता ओलांडताना या चौघांचे १९६९ च्या ऑगस्टात छायाचित्र घेतले गेले, तो पट्टासुद्धा २०१० साली सरकारने संरक्षित वारसा म्हणून नोंदविला. हे ऐकून आमच्या एका स्नेह्यांनी विचारले की, विटा जुन्या असल्या म्हणून काय झाले? प्रश्न रास्त आहे. परंतु तो विचारण्याचा अधिकार आपल्याला जरा जपूनच बजावावा लागेल. सोळाव्या शतकात कुशस्थळीचे श्रीमंगेश खाडी ओलांडून प्रियोळास आले, तेव्हा जुन्या देवळाच्या विटा कोणी बरोबर आणल्या नव्हत्या. देव आला, पूजा आली, म्हणून स्थान आले. लिव्हरपूलच्या मंडळींनी विटा आणल्या हे गौण होय. त्या नव्या तळघरात आज रोज वाद्ये वाजतात, ही गोष्ट मोठी. पूजा चालू आहे. स्थानाची कसोटी आमच्या मते हीच, आणि तीच घेऊन आता मुंबईस जावयाचे.

मुंबईच्या या स्थानांत अग्रपूजेचा मान आम्ही फोर्ट भागातील सर फिरोजशहा मेहता मार्गावर हिज मास्टर्स व्हॉइस कंपनीचा जो ध्वनिमुद्रणकक्ष होता त्यास देतो. बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसन हे १९६६ च्या सप्टेंबरात पंडित रविशंकरांकडे सतार शिकण्यास मुंबईस आले होते. ताजमहाल हॉटेलात त्यांनी खोटे नाव घेऊन उतरून पाहिले, पण गुपित फार दिवस टिकले नाही. यात्रेकरू आज ताजच्या दारात छायाचित्र घेतात ते यासाठी. त्या दाराविषयी आम्हांस अधिक काही सांगावेसे वाटत नाही. शिकणारा माणूस कोठे निजला याला संगीताच्या दृष्टीने महत्त्व नाही. महत्त्व आहे ते १९६८ च्या जानेवारीला. 'वंडरवॉल' नावाच्या एका इंग्रजी चित्रपटाचे संगीत करण्याचे काम हॅरिसन यांच्याकडे होते, आणि त्याचा हिंदुस्थानी भाग हिंदुस्थानी वादकांकडूनच वाजवून घ्यावयाचा, असा निश्चय करून ते फोर्टातल्या त्या कक्षात येऊन बसले.

त्या कक्षात स्टिरिओ मुद्रण करणारे यंत्र नव्हते. कंपनीचे प्रमुख भास्कर मेनन यांनी ते कलकत्त्याहून आगगाडीने आणविले. कक्ष कचेऱ्यांच्या वरच्या मजल्यावर. बाहेरचा आवाज आत येऊ नये अशी भिंतींची व्यवस्था नाही. संध्याकाळी कचेऱ्या सुटल्या म्हणजे जिन्यावरून उतरणाऱ्या पायांचा असा काही धडधडाट होई की, मुद्रण थांबवावे लागे. रस्त्यावरून जाणाऱ्या टॅक्सींचा आवाजही लक्ष देऊन ऐकल्यास त्या तबकडीत सापडतो, असे खुद्द हॅरिसन यांनी पुढे सांगितले आहे. परीक्षकाच्या दृष्टीने हा दोष. आमच्या दृष्टीने ही त्या तबकडीची मोठी दौलत. फोर्टातल्या कचेऱ्यांत त्या काळी कारकून कोण होते? गिरगावातून चालत येणारे मराठी, माहीम-वांद्र्याहून लोकलने येणारे कोंकणी, पारशी, गुजराती. साडेपाचच्या सुमारास डबा व छत्री सांभाळीत जिना उतरणाऱ्या त्या मंडळींनी एका जगप्रसिद्ध माणसाचे काम रोज खोळंबवून ठेवले, आणि त्यांपैकी बहुतेकांना त्याचा पत्ताही नसेल. स्थान ध्वनीत उतरते ते असे. ज्याला हे स्थान पाहावयाचे आहे त्याने फिरोजशहा मेहता मार्गावर मान वर करून खिडक्या मोजण्यापेक्षा ती तबकडी रात्रीच्या शांततेत ऐकावी.

आणि वाजविले कोणी? यात्रेकरूंच्या तोंडी एकच नाव असते. वस्तुतः त्या कक्षात शिवकुमार शर्मांचे संतूर होते, हरिप्रसाद चौरसियांची बासरी होती, आशिष खाँ यांचा सरोद होता, महापुरुष मिश्रांचा तबला व पखवाज होता. विनायक व्होरा तारशहनाई वाजवीत होते आणि चंद्रशेखर नारिंग्रेकर सूरबहार. नारिंग्रे हे गाव देवगडकडचे. आमच्या कोंकणी वाचकांस हे आडनाव त्या तबकडीच्या नामावळीत वाचून जो आनंद होईल, तो ताजच्या दारात उभे राहून होणार नाही. त्याच दिवसांत याच मंडळींपैकी काहींच्या साथीने 'द इनर लाइट' या गीताचा वाद्यभाग तेथे मुद्रित झाला आणि मार्च १९६८ मध्ये तो बीटल्सच्या नावाने जगभर गेला. शब्द चिनी तत्त्वग्रंथावरून घेतलेले, गाणारा इंग्रज, वाद्ये आपली. आणि मुंबईच्या नकाशावर मात्र त्याची खूण नाही.

आमचा पहिला आक्षेप येथेच येतो. या यात्रेची जी स्थानपोथी यात्रेकरूंच्या हाती असते, ती एकाच माणसाभोवती फिरते. महानुभावांच्या पोथीत चक्रधरांबरोबर कोण होते, कोणी वाढले, कोणी प्रश्न केला, याची स्मृती त्यांच्या इतर ग्रंथांनी जपून ठेवली आहे. येथे साथीदार गळतात. बैठकीस गेलेला आपल्याकडचा जाणता श्रोता घरी येऊन 'पेटीवर कोण होते, ठेका कसा धरला' हे आधी सांगतो. तोच श्रोता परदेशी नावापुढे ही सवय का विसरतो?

कुलाब्यास स्लिप डिस्क नावाचे एक नृत्यगृह होते. लेड झेपेलिन या इंग्रज मेळाचे जिमी पेज व रॉबर्ट प्लांट हे १९७२ साली मुंबईस आले असता एके रात्री तेथे हौसेने वाजवून गेले, अशी ख्याती आहे. त्याच साली त्यांनी मुंबईच्या वादकांना घेऊन आपली दोन गीते मुद्रितही केली. ती अधिकृतपणे प्रसिद्ध झाली २०१५ साली, म्हणजे त्रेचाळीस वर्षांनी. नृत्यगृह केव्हाच गेले. अशा जागी उभे राहून काय पाहावयाचे, हे आम्हांस समजले नाही, आणि आमच्याबरोबर आलेल्या तरुणासही सांगता आले नाही.

चर्चगेट स्ट्रीटची, म्हणजे आजच्या वीर नरीमन मार्गाची, गोष्ट निराळी. यात्रेकरूंच्या यादीत तो रस्ता सहसा नसतो, कारण तेथे कोणी इंग्रज वाजवून गेल्याची कथा नाही. तेथील उपाहारगृहांतून, विशेषतः ॲस्टोरिया हॉटेलातील व्हेनिसमध्ये, साठांच्या दशकात ख्रिस पेरी यांचा मेळ वाजे आणि लॉर्ना गात असे. गोव्यातील चर्चच्या शाळांतून पाश्चात्त्य स्वरलिपी लहानपणीच शिकलेले हे वादक रात्री हॉटेलांत जॅझ वाजवीत आणि दिवसा हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत बसत. पेरी व लॉर्ना यांनी पुढे कोंकणी भाषेत जी गीते केली त्यांत त्या मुंबईच्या रात्रींची चाल आणि गोव्याची बोली यांचा असा काही संकर झाला की, अर्ध्या शतकानंतरही ती लग्नाकार्यांत वाजतात. २०१४ सालचा 'नाचूं-या कुंपासार' हा कोंकणी चित्रपट त्यांच्यावरच आधारलेला. परक्या संगीताने आपल्या भूमीत मूळ धरले, आपल्या भाषेत फळ दिले, याचे याहून स्पष्ट स्थान आम्हांस मुंबईत दुसरे दिसले नाही. यादी करणाऱ्यांनी ते गाळले आहे.

धोबी तलावाजवळ, झेवियर कॉलेजाच्या शेजारी, रंगभवन नावाचे खुले प्रेक्षागृह आहे. १९७८ साली येथे जॅझ संगीताचा जो मोठा महोत्सव सुरू झाला त्याला संयोजकांनी 'जॅझ यात्रा' हे नाव दिले. यात्रा हा शब्द त्यांनाही टाळता आला नाही. १९८६ पासून स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास इंडिपेंडन्स रॉक नावाचा मेळावा येथे भरू लागला. त्याच्या बैठकीची रीत आम्हांस मोलाची वाटते. परदेशी पाहुण्यांचा तो थाट नव्हता. देशातील महाविद्यालयीन मुलांचे मेळ एकामागून एक उभे राहत, आणि उघड्या आकाशाखाली पावसात भिजत हजारो मुले ते ऐकत. कोण चांगला, कोण नक्कलखोर, याचा निवाडा तेथेच, आरडाओरड्याने होई. त्यात बराचसा आवाज होता, पुष्कळ नक्कल होती, हे आम्ही नाकारीत नाही. तथापि ज्या संगीताला आपली स्वतःची श्रोतृसभा मिळते त्यालाच सुधारण्याची संधी मिळते; भजनाचेही तसेच आहे.

२००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम झाले. रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्याभोवतीचा शंभर मीटरांचा परिसर शांतता क्षेत्र ठरला. रंगभवनाच्या एका अंगास महाविद्यालय, जवळच कामा आणि गोकुळदास तेजपाल ही रुग्णालये. थोड्याच वर्षांत तेथील असे कार्यक्रम बंद पडले. रुग्णाची झोप ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. आमच्याच देवस्थानांनी कर्णे लावताना तिचा विचार किती केला, हे आपण आपल्याशी विचारावे. नियमाविषयी आमची तक्रार नाही. तक्रार ही की, एक जागा बंद करताना दुसरी देण्याचे कोणास सुचले नाही. इंडिपेंडन्स रॉक २०२२ साली पुनश्च भरला तो अन्यत्र. रंगभवनाच्या फाटकाशी आम्ही उभे होतो तेव्हा तेथे एकच क्षेत्र उरले होते, ते शांततेचे.

काळा घोड्याजवळचे ऱ्हिदम हाऊस हे तबकड्यांचे दुकान २०१६ च्या प्रारंभी बंद झाले. विकत घेण्यापूर्वी तबकडी ऐकून पाहण्याची सोय तेथे होती. खिशात पैसे नसलेला विद्यार्थीही तासभर ऐकून जाई. भीमसेन जोशी आणि बीटल्स एकाच छपराखाली मिळत. असा श्रोता घडविणारे दुकान हे गाणाऱ्याच्या घराइतकेच मोठे स्थान होय, असे आमचे मत आहे.

हे संगीत आणि आपले संगीत यांत वैर मानणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी एक गोष्ट येथे नोंदवितो. अमेरिकेने १९७७ साली व्हॉयेजर नावाची दोन याने सूर्यमालेपलीकडे धाडली. त्यांवर पृथ्वीवरील ध्वनींची एकेक सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे. त्या तबकडीवर चक बेरी यांचे रॉक अँड रोल गीत आहे. आणि हिंदुस्थानातून निवडलेले एकच गायन आहे, ते फोंडे महालातील केरी गावच्या सूरश्री केसरबाई केरकर यांची भैरवी. दोघे शेजारी बसून मनुष्यवस्तीपासून दूर निघून चालले आहेत. चक बेरींच्या खुणा पाहण्यास लोक समुद्र ओलांडतात. केरीस उतरून केसरबाईंचे गाव कोणते असे विचारणारे आपल्यांत किती? त्याच गोव्यात मोगूबाईंचे कुर्डी साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की, जुने गावकरी मे महिन्यात त्या उघड्या पडलेल्या जमिनीवर येऊन सण करतात आणि पावसाबरोबर परततात. विटाही उरल्या नाहीत असे हे स्थान; तरी लोक येतात, आणि गाव वर्षातून महिनाभर का होईना, असते.

आता आमच्या दारात. बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण हे चालुक्यांचे कल्याण. तेथे राज्य करणाऱ्या तिसऱ्या सोमेश्वराने सुमारे ११२९ साली 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. राजाने काय खावे, हत्ती कसे राखावे येथपासून गीत, वाद्य, नृत्य येथपर्यंत सर्व विषय त्यात आहेत. आणि महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा उल्लेख त्यातच आहे. मराठी ओवीची ही अतिप्राचीन नोंद कानडी राजाने, संस्कृतात, आजच्या बीदर जिल्ह्यात बसून केली, ही गोष्ट सीमेच्या दोन्ही अंगांस भांडणाऱ्यांनी जरा थांबून ऐकावी अशी आहे. त्याचा पुत्र जगदेकमल्ल याने 'संगीतचूडामणी' लिहिला. पुढल्या शतकात देवगिरीस शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिताना पूर्वाचार्यांच्या नामावळीत या पितापुत्रांची नावे घेतली. आम्ही कल्याणच्या किल्ल्यात गेलो तेव्हा तोफ दाखविणारे भेटले. सोमेश्वराच्या ग्रंथाचे नाव घेणारे कोणी भेटले नाही. रॉकचा एक पट्टा संरक्षित करणाऱ्या लंडनला हसण्याचे धैर्य आम्हांस तेथे राहिले नाही.

कल्याणजवळच्या लाडवंती गावी १८१७ साली दत्तजयंतीस श्रीमाणिकप्रभूंचा जन्म झाला; १८४५ साली ते हुमनाबादेजवळ येऊन राहिले, तेच माणिकनगर; १८६५ साली तेथेच त्यांनी समाधी घेतली. प्रभूंनी मराठी, कानडी व हिंदुस्थानी अशा तिन्ही भाषांत पदे रचली, आणि ती रागातालांत गाइली जावीत अशीच रचली. दत्तजयंतीच्या उत्सवात तेथे दरबार भरतो. दूरदूरचे गवई व वादक प्रभूंपुढे हजेरी लावतात. हिंदू-मुसलमान हा भेद त्या दरबाराने कधी मानला नाही. कलबुर्गीस १४२२ साली देह ठेवलेल्या ख्वाजा बंदेनवाजांच्या दर्ग्यात उरुसाला कव्वाली होते, तिचे श्रोतेही असेच मिश्र. आमच्या कसोटीस ही दोन्ही स्थाने पूर्ण उतरतात: विटा आहेत, आणि पूजाही नादाची आहे. उणे आहे ते आपल्याकडून. दर्शन झाले, प्रसाद झाला, की आमच्यांतील पुष्कळांच्या मोटारी हमरस्त्याला लागतात; रात्रीच्या बैठकीसाठी थांबणारे थोडे. लिव्हरपूलला जाणारा मुलगा निदान तळघरात उतरून दोन तास ऐकतो. यात्रेकरू म्हणून तो आपल्यापेक्षा सरस ठरला.

म्हणून त्या तरुणांना आम्ही त्यांच्या यात्रेपासून परावृत्त करीत नाही. फक्त त्यांनी आपल्या पोथीत साथीदारांची नावे घालावीत, वीर नरीमन मार्ग घालावा. आणि सुट्टीवर घरी आले म्हणजे या दोन जिल्ह्यांचे पान लिहावयास घ्यावे. महाराष्ट्रात हेमा राईरकर व गी पॉइटवां यांनी जात्यावरच्या ओव्या गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक जमविल्या, त्या आज कोणासही वाचता-ऐकता येतात. औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांतील ज्या स्त्रियांच्या कंठात अशा मराठी ओव्या आहेत त्या आता सत्तरी ओलांडलेल्या आहेत, आणि जाती अंगणात उलथी पडली आहेत. येत्या दत्तजयंतीस माणिकनगरची वाट धरताना कल्याणच्या फाट्याशी एक दिवस आधी उतरावे, आसपासच्या एखाद्या गावी जावे, आणि घरातल्या आजींना विचारावे की, दळताना तुम्ही काय म्हणत होता. मुद्रणयंत्र आता प्रत्येकाच्या खिशात आहे. कलकत्त्याहून ते आगगाडीने आणविण्याची गरज उरलेली नाही. बाहेरून एखादी मोटार जाईल, कोणी जिना उतरेल, तोही आवाज पुसू नये.